पाटीशेजारचा कावळा

भाद्रपदातल्या दुपारी कावळ्याचा आवाज निराळा लागतो. एरवी तो नुसता कर्कश असतो, ऐकून न ऐकल्यासारखा करता येतो. पण पितृपंधरवड्यात कौलावर बसून तो ओरडला की त्या आवाजाला वास येतो. शिजलेल्या भाताचा, काळ्या तिळाचा, पळसाच्या ओल्या पानाचा आणि नदीकाठच्या गाळाचा. आवाजाला वास कसा येईल, असं शिकलेली माणसं विचारतील. विचारू देत. कानाचा खण वेगळा आणि नाकाचा खण वेगळा अशी मनाची रचना ज्यांनी पाहिली असेल त्यांनी पाहिली असेल. माझ्या मनात असे खण नाहीत. तिथे जे ज्याच्यासोबत आत आलं ते त्याच्याच शेजारी पडून राहिलं आहे, आणि एकाला हात लावला की दुसरं हलतं.

मी आर्वीला चौथीपर्यंत शिकले. पुढे लग्न झालं, म्हणजे शिक्षण संपलं. तेव्हा पाठ केलेल्या एका कवितेची तिसरी ओळ आज कोणी विचारली तर मला सांगता येत नाही. पण पहिलीपासून म्हणत गेले की तिसरी ओळ आपणहून तोंडात येते, जशी ओळीनं चालणाऱ्या शेळ्यांतली तिसरी शेळी. मग ती ओळ मला येते की येत नाही? भाकरी किती पातळ थापायची हे माझ्या तळव्याला ठाऊक आहे, मला नाही. सुनेला तोंडानं सांगायला गेले तेव्हा दोन भाकरी फाटल्या आणि एक करपली. मग हे भाकरीचं ज्ञान माझं म्हणायचं की माझ्या हाताचं? माझ्या फडताळात हळदीच्या डब्याला लागून जुन्या लुगड्याच्या चिंध्या असतात, कारण विळीनं बोट कापलं की दोन्ही एकदम लागतात. शहाण्या माणसानं माझं फडताळ लावलं तर हळद तिखटाजवळ जाईल आणि चिंध्या कपड्यांत. दिसायला ते सुरेख दिसेल, आणि बोटातून रक्त गळत असताना मी घरभर हिंडत बसेन.

हे मी उगाच सांगत नाही. एका कागदावर काढलेल्या कावळ्यापायी माझ्या नातीची शाळा गेली. तो कावळा तिनं चुकीच्या जागी ठेवला, असं ज्यांनी ठरवलं ते विद्वान होते, आणि मी त्यांचं ऐकलं. ती हकीकत मला सांगायची आहे. सांगून तिची शाळा परत येणार नाही, हे मला कळतं.

वच्छी माझ्या थोरल्याची, नामदेवाची मुलगी. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून पोर दिवसा माझ्या पदराला आणि संध्याकाळी बापाच्या मांडीवर. नामदेवाला अक्षर येत नव्हतं. नांगर धरणारा माणूस, बोलणं मोजकं. पण वच्छी शाळेत जाऊ लागल्यापासून तो रोज वावरातून आला की स्वतःचे पाय धुण्याआधी तिची पाटी धुवायचा. ओल्या चिंधीनं आधी आडवी पुसायची, मग उभी, मग भिंतीला टेकवून वाळवायची. त्या पाटीवर काय लिहिलं होतं ते त्याला कळत नसे, म्हणून पुसण्याआधी तो पोरीला विचारायचा, “हे झालं ना तुह्या डोक्यात? मंग पुसू?” असा माणूस मताच्या पेट्या गावात पहिल्यांदा आल्या त्या हिवाळ्यात सहा दिवसांच्या तापानं गेला. वच्छी नऊ वर्षांची होती.

दहाव्याला माणसं धाम नदीच्या पात्रात उतरली. वाळूवर पिंड मांडला. आम्ही बाया वर दरडीवर बसलो, आणि वच्छी माझ्या पुढ्यात, अगदी कडेला, मूठ आवळून. दरडीवरच थोडं पलीकडे एक बाभूळ आणि बाभळीवर एकच कावळा. तो पिंडाकडे बघायचा, मान वाकडी करायचा, आणि उतरायचा नाही. आता कावळा पिंडाला शिवत नाही म्हणजे गेलेल्याची वासना कशात तरी अडकली आहे, असं आपण समजतो. मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करायची, आणि ज्या गोष्टीला कावळा उतरेल ती त्याची इच्छा. माझा धाकटा, किसन, हात जोडून उभा होता.

“बोल ना बाप्पा किसना, भाऊ कायच्यात अडकून राह्यला ते पाह्य,” एक म्हातारा म्हणाला.

“दादा, नाल्याकाठचं वावर इकणार नाई,” किसन म्हणाला. कावळा तसाच.

“दादा, बैलजोडी हाय तशीच राहीन.” कावळ्यानं चोच फांदीवर घासली.

“दादा, पोरीचं लगन मी लावून देईन, काई कमी पडू देणार नाई.” कावळ्यानं पाठ फिरवली.

“याले लगनाचा कंटाळा दिसते,” मागून कोणीतरी बोललं आणि दोघेतिघे तोंड दाबून हसले. ऊन डोक्यावर आलं होतं, माणसं सकाळपासून उपाशी होती. दुःखाला तरी किती वेळ उभं राहता येतं? शेवटी किसन रडकुंडीला आला आणि जे तोंडाला आलं ते बोलला, “दादा, पोरीले शिकवीन! वर्ध्याले ठेवून शिकवीन, जेवढं शिकन तेवढं शिकवीन!”

आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर.

खाली माणसांनी निःश्वास सोडला, वर बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी लावला नाही. कारण मला बाभळीखाली आमचं कुत्रं दिसलं होतं. घरापासून मागे मागे आलेलं पिवळं कुत्रं सकाळपासून तिथे सावलीत पसरलं होतं, आणि किसनचं बोलणं तोंडातून निघायला आणि कुत्रं अंग झटकून पाण्याकडे जायला एकच गाठ पडली. कुत्रं गेलं, कावळा उतरला. एवढंच घडलं होतं.

पुष्कळदा मी मनाशी विचार केला आहे, की पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोरचं कुत्रं कोणालाच कसं दिसलं नाही? पुरुषांच्या आड दरड होती, हे खरं. पण बाया तर वरच बसल्या होत्या. मला वाटतं, दहाव्याचं एक चित्र प्रत्येकाच्या मनात आधीपासून काढलेलं असतं. त्यात नदी आहे, पिंड आहे, कावळा आहे, हात जोडलेला भाऊ आहे. कुत्रं त्या चित्रात नाही. आणि माणूस समोरचं बघतो असं आपण म्हणतो, तेव्हा तो खरं तर आतलं चित्र समोरच्यावर ठेवून बघत असतो. जे जुळलं ते दिसतं, जे जुळलं नाही ते डोळ्यांत शिरूनही वाया जातं. मला कुत्रं दिसलं, यात माझी हुशारी नाही. मुलगा गेल्यावर माझ्या मनातली सगळी चित्रं पुसली गेली होती, म्हणून समोर जे होतं ते दिसलं.

मी कोणाला बोलले नाही. कुत्र्यानं का होईना, पोरीला शाळा मिळाली होती. असलं सत्य बोलून मी काय मिळवणार होते?

दोन वर्षं किसननं शब्द पाळला. वच्छी गावच्या शाळेत चौथीला आली, आणि शिकत होती ती अशी, की गुरुजी मला पाणवठ्यावर थांबवून सांगत. या गुरुजींची एक पद्धत होती, ती इथे सांगितली पाहिजे. मुलानं गणित करून दाखवलं की ते उत्तर बघायचे, पाटी परत द्यायचे आणि म्हणायचे, “परत पाह्य.” उत्तर चूक असलं तरी तेच, बरोबर असलं तरी तेच. चूक दुरुस्त केली तर शाबासकी. पण बरोबर उत्तर घाबरून बदललं तर छडी. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला आपल्याला येतं आहे हेच माहीत नाही त्याला येऊन काय उपयोग! वच्छीनं छडी कधी खाल्ली नाही. पाटी परत आली की ती एकदा बघायची आणि जशीच्या तशी पुन्हा पुढे करायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्ध्याहून एक साहेब आले. नालवाडीकडे मुलींचं एक वसतिगृह होतं, राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. आमच्या बाजूच्या गावांतून एका मुलीला तिथे जागा मिळायची होती, आणि ती मुलगी निवडायला साहेब आले होते. तरुण होते, चष्मा लावायचे, आवाज मऊ होता. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी वाचन घेतलं, गणित घेतलं. वच्छी सगळ्यांच्या पुढे. मग पिशवीतून जाड कागदाची सोळा चित्रं काढून चटईवर पसरली आणि म्हणाले, “बाळ, ही नीट बघ. जे ज्याचं असेल ते त्याच्याजवळ ठेव. घाई नाही.”

मी खिडकीबाहेर उभी होते. मला चित्रं दिसत होती. वच्छीनं गाय, बैल, शेळी, घोडा एकीकडे केले. घागर, तवा, पातेलं, गडवा दुसरीकडे. पाटी, पुस्तक, दौत आणि टाक यांची तिसरी ओळ. चिमणी, पोपट, मोर यांची चौथी. हातात एक कावळा राहिला. तो तिनं क्षणभर धरला आणि पाटीशेजारी ठेवला.

साहेबांनी कावळा उचलून तिच्या हातात दिला. “परत बघ.”

वच्छीनं बघितलं, आणि पुन्हा पाटीशेजारी ठेवला.

“पुन्हा एकदा नीट बघ बाळ.”

तिनं तो पुन्हा तिथेच ठेवला, आणि या खेपेला वरून बोटानं दाबला.

गुरुजी बाकावर चुळबुळले. “पोट्टी हुशार आहे हो साहेब,” ते म्हणाले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं आणि वच्छीला विचारलं, “कावळा इथे का ठेवलास, सांगशील का?”

तिथे सगळं होतं. एका वाक्यात उत्तर होतं. वच्छीनं मान वर करून खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे. आणि मी डोळे मोठे करून मान हलवली. नाही.

का हलवली? कारण मी तिला नदीवरून येतानाच बजावलं होतं, की दहाव्याचं बोलणं चारचौघांत काढायचं नसतं. वर्ध्याचे पाहुणे, शुभ काम, आणि त्यात ही पिंडाचं नाव घेणार? माझ्या मनात ‘काय कुठे बोलावं’ याचा एक खण होता, आणि तो इतका घट्ट लागलेला होता की नातीची जागा जात असतानाही तो मला उघडता आला नाही. वच्छी गप्प राहिली. साहेबांनी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या.

जाताना ते मला समजावत बसले, एवढं मान्य करायला हवं. म्हणाले, “आजीबाई, पाठांतर वेगळं आणि बुद्धी वेगळी. जगात वस्तू अगणित आहेत. त्या सगळ्या जशाच्या तशा मनात ठेवता येत नाहीत, म्हणून मन त्यांची वर्गवारी करतं. सारख्याशेजारी सारखं. कावळा, चिमणी, मोर यांना एकत्र बघता येणं, इथून विचाराची सुरुवात होते. मुलगी गोड आहे, पण तिला ती समज आलेली नाही, आणि तीनदा संधी देऊन हट्ट सोडला नाही. तिथला अभ्यास तिला झेपणार नाही.”

मी मान डोलावली. चौथी शिकलेली बाई दुसरं काय करणार? त्यांना द्यायचं उत्तर मला सुचलं ते चार वर्षांनी, कपाशी निंदताना. माझ्या मनातला कावळा चिमणीच्या शेजारी कधीच बसला नाही, साहेब. चिमणी माझ्या आरशाशी असते, पोपट पेरूशी, मोर आषाढाशी, आणि कावळा माझ्या मेलेल्या माणसांशी. ‘पक्षी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तरी कावळा येतो का हो? चिमणीच येत असेल. सारख्याशेजारी सारखं ठेवणं ही एक रीत झाली. पण जे ज्याच्यामुळे मिळालं ते त्याच्याशेजारी ठेवणं ही रीत नाही का? तुम्ही विचारलंत, जे ज्याचं असेल. मग ते तुम्हीच ठरवायचं होतं, तर पोरीला कशाला विचारलंत? पण हे सगळं मी कपाशीला ऐकवलं. साहेब तोवर कुठल्या कुठे बदलून गेले होते.

त्या संध्याकाळी मी वच्छीला एक मुस्कटात मारली. “पाटीवर कावळा कायले ठेवला व? तुले पाखरू समजत नाई?” ती रडली नाही. तिनं पाटी घेतली, बाप पुसायचा तशी आधी आडवी पुसली, मग उभी, वाळू दिली, आणि माळ्यावर ठेवून दिली.

किसन जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस टाकून अंधार पडल्यावर आला. सगळं ऐकून घेतलं. “मी जबान देल्ली होती माय, नाई कुठं म्हणून राह्यलो? पण साहेबच म्हणून राह्यला का तिच्या डोक्यात बसत नाई, तं मी का करू? दादालेही समजन.” त्याच्या आवाजात वाईट वाटणं होतं, आणि त्या वाईट वाटण्याखाली, ओझं उतरलेल्या माणसाचा जसा होतो तसा, हलका झालेला श्वास होता. मी त्याची आई. मला तो श्वास ऐकू आला. त्या दिवसापासून तो वच्छीशी फार मायेनं वागू लागला. जिच्याकडून आता काही अपेक्षा नाही तिच्याशी मायेनं वागणं किती सोपं असतं!

मग मी बघत गेले, की साहेबांची ती चार ओळींची चिठ्ठी कागदावरून उतरून माणसांच्या मनात कशी जाऊन बसली. वच्छीनं मीठ जास्त टाकलं तर शेजारीण म्हणायची, “तिचं डोकंच तसं व माय.” तीच वच्छी बाजाराचा हिशेब तोंडी सांगायची, तेव्हा ते कोणी धरायचं नाही. मंद म्हटल्यावर मंदपणाच्या खुणा तेवढ्या वेचल्या जायच्या, जशी वेचणाऱ्या बायांना बोंडं दिसतात आणि पानं दिसत नाहीत. आपण माणसाला एकदा खणात टाकलं की पुढे माणूस बघत नाही, खणावरची चिठ्ठी वाचतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मीसुद्धा वाचत होते. ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर वाढवलं, तिला एखादी गोष्ट मी दोनदा समजावून सांगू लागले. ती पहिल्यांदा ऐकूनच समजायची आणि दुसऱ्यांदा गुपचूप ऐकून घ्यायची.

पंधरावं लागताच तिचं लग्न झालं. आर्वीच्या पुढचं गाव, घर खाऊनपिऊन बरं. किसननं काही कमी पडू दिलं नाही. कावळ्यानं जी गोष्ट नाकारली होती, ती त्यानं अगदी थाटात पार पाडली.

यंदा ती बाळंतपणाला आली. मुलगी झाली. सव्वा महिना उलटला आणि पितृपंधरवडा लागला. नामदेवाच्या तिथीला मी पान वाढून भिंतीवर ठेवलं. ते ठेवता ठेवताच कावळा आला आणि भात उधळून गेला. आता त्याला कोणाच्या शब्दाची गरज उरलेली नाही. वच्छी पडवीत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. कुत्रं, तेच, आता म्हातारं, उंबऱ्याशी पडलं होतं. त्याच्याकडे बघून मला वाटलं, मी मेले की त्या दिवशीचं खरं माझ्यासोबत जाईल. जाऊ द्यावं की सांगावं? सांगितलं.

“वच्छे, तुह्या बापाच्या दहाव्याले कावळा उतरला ना, ते काई काकाच्या बोलण्यानं नाई. बाभळीखाली हे कुत्रं होतं. हे उठलं म्हणून उतरला.”

ती पोरीच्या टाळूला तेल लावत होती. हात थांबला नाही.

“हे आपोआप नाई उठलं, आजी.”

“मंग?”

“मी खडा मारला.”

मला आधी कळेचना. ती सावकाश, भाजीचं सांगावं तशी सांगत होती. “मले आधीच दिसलं होतं, का कुत्र्याच्या भेवानं कावळा खाली येऊन नाई राह्यला. मुठीत खडे होते माह्या. काकानं वावराचं म्हटलं, नाई मारला. बैलाचं म्हटलं, नाई मारला. लगनाचं म्हटलं तवा तं मूठ अशी गच्च धरली, का चुकून सुटू नये. मंग शाळेचं म्हटलं, अन् मारला.”

नऊ वर्षांची पोर! बाप जाऊन दहा दिवस झालेले. उन्हात, उपाशी, पन्नास मोठ्या माणसांत ती एकटी बघत होती, जोडत होती, थांबत होती. कोणत्या गोष्टीमागे कोणती गोष्ट येते हे तिला कळलं होतं. एवढंच नाही, ती आणायची कशी आणि कधी हेही तिला कळलं होतं. मी कुत्रं बघितलं आणि स्वतःला शहाणी समजले. खडा मला दिसला नाही, कारण माझ्याही मनातल्या चित्रात लहान मुलगी फक्त रडण्यासाठी होती.

“मंग साहेबानं इचारलं तवा बोलली काऊन नाई व?” मी विचारलं. “मी डोळे वटारले म्हणून?”

ती हसली. “तुह्या डोळ्याले मी कई भेली होती?” मग म्हणाली, “बोलली असती तं काकाले समजलं असतं ना, का कावळा मीच उतरवला. मंग जबान राह्यली असती का त्याची?”

“अन् तीन तीनदा तिथंच काऊन ठेवला?”

“त्याईनं म्हटलं, जे ज्याचं असंन ते त्याच्याजोळ ठेव. कावळा पाटीचाच होता. मंग म्हणे परत पाह्य. मले वाटलं, गुरुजीवानी पाहून राह्यले, का पोट्टी बदलवते का नाई. मी काऊन बदलवू?”

सहा वर्षं मी त्या एका मान हलवण्याचं ओझं वागवलं. ते आज तिनं सहज उचलून बाजूला ठेवलं, आणि मला बरं वाटलं नाही. माझ्या अपराधात निदान मी मोठी होते. आता कळलं की त्या दिवशी त्या खोलीत माझी काही गणतीच नव्हती. शाळा टिकावी म्हणून पोर गप्प बसली, आणि ती गप्प बसली म्हणून शाळा गेली. खडा मारणारं डोकं, शब्द राखणारी जीभ, आणि छडीला न भिणारा हात, तिन्ही तिथे चटईवर बसलेली होती. आणि साहेबांच्या सोळा कागदांत त्यांच्यासाठी एकही चित्र नव्हतं. यात कोणाला दोष द्यायचा? दोष द्यायला कोणी सापडलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

मी तिला म्हटलं, “माह्या दहाव्याले कोणाले काई कबूल करू देऊ नको. कुत्रं बांधून ठेवजो, बस.”

“अन् तरी नाई उतरला तं?”

“तं बसू दे बाभळीवर. मले घाई नाई.”

ती पुन्हा हसली, बापासारखी, आवाज न करता. परवा ती सासरी गेली. मोटार यायची वेळ झाली, किसन वळकटी घेऊन पुढे निघाला, तेव्हा ती माळ्यावर चढली आणि पाटी काढून आणली. कोपऱ्याला तडा गेला होता, चौकट कीड खात होती. अंगणात बसून तिनं ती धुतली. आधी आडवी, मग उभी. पोर सव्वा महिन्याची, तिला आत्ताच पाटी कशाला, असं मी विचारणार होते. पण ती गोष्ट मला समजावून सांगावी लागेल, इतकी मी आता मंद राहिलेले नाही.

तेव्हापासून घर रिकामं आहे. दुपारी कावळा कौलावर येतो, ओरडतो, आणि तो सगळा वास येतो: भाताचा, तिळाचा, पळसाच्या ओल्या पानाचा, नदीच्या गाळाचा. आता त्यात आणखी एक मिसळला आहे, नुकत्याच धुतलेल्या पाटीचा. डोळे मिटले तरी तो वेगळा काढता येत नाही. पोरीनं कावळा बरोबर जागीच ठेवला होता.